मोगऱ्याला ऊन नक्की किती? दक्षिणेची बाल्कनी, घरभर उजेड, तरी कळी नाही

कुंडीवाली | ९ फेब्रुवारी

मोगऱ्याने दोन वर्षं माझा जीव टांगणीला लावलाय. पुण्यात कोथरूडला राहते, चौथा मजला, बाल्कनी नीट दक्षिणेला. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नर्सरीतून बटमोगरा आणला तेव्हा त्यावर वीस-बावीस कळ्या होत्या. त्या फुलल्या, घर दरवळलं, आणि तेव्हापासून आजतागायत एक कळी नाही. झाड मरतुकडं नाही, उलट पानं गर्द हिरवी, मोठाली. फांद्या मात्र वेलीसारख्या लांबच लांब सुटतात आणि ग्रिलला जाऊन धरतात. शेणखत, गांडूळखत, कांद्याच्या सालींचं पाणी, सगळं करून झालं.

जो तो सांगतो, मोगऱ्याला ऊन हवं. ऊन तर भरपूर आहे! आत्ता सकाळी साडेदहाला लिहितेय तर ऊन बाल्कनी ओलांडून हॉलच्या फरशीवर दोन-अडीच फूट आत आलंय. कुंडी त्या उन्हातच आहे. नर्सरीत मला सांगितलं होतं की नुसता उजेड असला तरी चालेल, इथे तर ऊन आहे. मग चुकतंय कुठे?

सासूबाई रोज सकाळी कुंडीपाशी जाऊन फांद्यांचे शेंडे बघतात. त्यांच्या माहेरी अंगणात मोगरा होता, परडी भरून फुलं निघायची. त्यांना एकदा तरी इथल्या झाडाची ओंजळभर फुलं द्यायची आहेत मला.

अंगणवेडी | ९ फेब्रुवारी

ताई, एप्सम सॉल्ट घालून बघा. एक चमचा लिटरभर पाण्यात, पंधरा दिवसांतून एकदा. माझ्या जास्वंदीला खूप फरक पडला.

मोगरा_विक्रमगड | ९ फेब्रुवारी

एप्सम सॉल्टने मॅग्नेशियम मिळतं. पानं पिवळी पडत असतील तर त्याचा उपयोग. ताईंची पानं आधीच गर्द हिरवी आहेत, तिथे ते घालून कळी येणार नाही.

आमच्या विक्रमगड-जव्हार पट्ट्यात मोगऱ्याची शेती होते, फूल दादरच्या बाजारात जातं. माझाही थोडा मोगरा आहे. शेतात झाडाच्या डोक्यावर नुसतं आभाळ असतं. माझ्या एका बांधावर आंबा आहे. त्याची सावली जिथवर पडते तिथवरच्या ओळी सगळ्यात हिरव्या आणि टवटवीत दिसतात, आणि कळी सगळ्यात कमी तिथेच. नवखा माणूस त्याच ओळींना सगळ्यात चांगल्या म्हणेल. तुमचं झाड मला त्या आंब्याखालच्या ओळीतलं वाटतंय.

एक करा. फांदीवरची दोन पेरांमधली जागा बोटांनी मोजा. उन्हातल्या फांदीची पेरं जवळजवळ असतात, दोन-तीन बोटांवर. सावलीतली फांदी उजेड शोधत धावते, पेरं लांब पडतात.

दुसरी गोष्ट. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्याला येते. म्हणून आम्ही थंडीत पाणी कमी करून झाडाला ताण देतो, मग छाटणी, मग खत-पाणी. त्यानंतर जी फूट निघते तिला त्या वेळी किती ऊन मिळालं यावर कळी ठरते. डिसेंबर-जानेवारीचं ऊन झाड जगवतं, कळी मार्च-एप्रिलच्या उन्हावर येते. तुमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये किती ऊन येतं?

कुंडीवाली | १० फेब्रुवारी

पेरं मोजली. जुन्या, नर्सरीतून आलेल्या फांदीवर दोन बोटं. मागच्या उन्हाळ्यात सुटलेल्या फांदीवर सहा-सात! हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

मार्च-एप्रिलमध्ये ऊन कुठवर येतं ते खरंच पाहिलेलं नाही. उन्हाळा आहे म्हटल्यावर जास्तच येत असणार ना? मात्र उन्हाळ्यात आमची बाल्कनी थंड असते, दुपारी चटई टाकून तिथे बसता येतं.

भूमितीवाले | १० फेब्रुवारी

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. चार आकडे द्या: वरच्या मजल्याचा स्लॅब कठड्यापर्यंत किती फूट पुढे आलाय, जमिनीपासून स्लॅब किती उंच, झाडाचा शेंडा जमिनीपासून किती वर, आणि कुंडी कठड्यापासून किती आत.

कुंडीवाली | १० फेब्रुवारी

टेप लावून मोजलं. स्लॅब ४ फूट, थेट कठड्यापर्यंत. उंची साडेनऊ फूट. शेंडा साधारण २ फुटांवर. कुंडी कठड्यापासून साडेतीन फूट आत, हॉलच्या भिंतीला टेकून, कारण पुढे कपड्यांच्या दोऱ्या आहेत.

भूमितीवाले | ११ फेब्रुवारी

मी शाळेत भूगोल आणि गणित शिकवत होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी इथे सूर्य दक्षिणेच्या क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. म्हणजे ऊन तिरपं. ते स्लॅबच्या खालून आत शिरतं. तुमच्या उंचीचा हिशोब केला तर कठड्यापासून साडेआठ फूट आत. २१ मार्चला सूर्य साडेएकाहत्तर अंशांवर चढतो, ऊन जमिनीवर जेमतेम तीन फूट आत येतं. एप्रिलच्या शेवटी ८६ अंश, ऊन एक फूटसुद्धा आत नाही. मेच्या मध्यात तर सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावली दिवस म्हणतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या *उत्तरेला* असतो. त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या बाल्कनीत सूर्याचा थेट किरण येत नाही.

आता तुमची कुंडी. साडेतीन फूट आत आणि शेंडा दोन फुटांवर, म्हणजे सूर्य साधारण ६५ अंशांच्या वर गेला की स्लॅबची सावली झाडावर. ती तारीख मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. तिथून ऊन जे जातं ते ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत येतं. बरोबर सात महिने. विक्रमगडच्या दादांनी सांगितलं त्या कळीच्या मोसमात तुमचा मोगरा पूर्ण सावलीत असतो.

दक्षिणेची बाल्कनी म्हणजे भरपूर ऊन, हे आपल्याकडे फक्त हिवाळ्यात खरं आहे. बाहेरच्या देशांतली बागेची माहिती वाचून आपण दक्षिण दक्षिण करतो. तिकडे, ४० अक्षांशाच्या वर, सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. त्यांची दक्षिण वेगळी, आपली वेगळी.

माझं गणित पडताळून पाहा. ५-६ मार्चला दुपारी साडेबाराला कुंडीजवळ उभ्या राहा.

अंगणवेडी | ११ फेब्रुवारी

काका, हे वाचून मी उठून माझ्या बाल्कनीत गेले. माझी जास्वंद पूर्वेला आहे, तिला बारा महिने सकाळचं ऊन मिळतं. म्हणजे श्रेय मी एप्सम सॉल्टला देत होते ते बहुधा उन्हाचं आहे.

गोरेगाव_पश्चिम | १३ फेब्रुवारी

माझा प्रश्न इथेच विचारतो. माझा मोगरा बाल्कनीत नाही, बाल्कनी बिल्डरनेच खोलीत घेतलीय. पश्चिमेला मोठी काचेची सरकती खिडकी आहे, दुपारी दोननंतर चांगलं ऊन येतं. काचेतून आलेलं ऊन चालतं का? काचेला हलकी करडी छटा आहे.

जर्सीकर | १३ फेब्रुवारी

गोरेगावकर, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. आमचा मोगरा ऑक्टोबर ते मे असे सात महिने काचेआडच असतो, त्यामुळे या विषयात बरीच झळ सोसली आहे.

साधी स्वच्छ एकेरी काच उजेड फार अडवत नाही, दहा-पंधरा टक्के. छटा असलेली किंवा फिल्म लावलेली काच मात्र अर्ध्याहून जास्त खाऊ शकते, आणि आपल्या डोळ्यांना ते कळत नाही. डोळ्याची बाहुली लहान-मोठी होते, मेंदू जुळवून घेतो, खोली उजळच वाटते. फोनमध्ये लक्स (उजेडाचं माप) मोजणारं ॲप टाका. अगदी अचूक नसतं, पण दोन जागांची तुलना करायला पुरतं. भर दुपारच्या थेट उन्हात लाखाच्या आसपास आकडा येतो. मोकळ्यावर, पण सावलीत, दहा-वीस हजार. खिडकीपासून सहा फूट आत, जिथे आपण आरामात पेपर वाचतो, तिथे पाचशेसुद्धा नसतो. दोनशे पट फरक, आणि डोळा दोन्हीला "उजेड" म्हणतो.

गोरेगाव_पश्चिम | १४ फेब्रुवारी

मोजलं. दुपारी तीन वाजता, एकाच जागी फोन धरून. खिडकी उघडून: ८२ हजार. काच लावून: ३१ हजार. काच आणि पांढरा झिरझिरीत पडदा: ९ हजार. आणि तो पडदा आमच्याकडे दिवसभर ओढलेला असतो.

मोगरा_विक्रमगड | १४ फेब्रुवारी

पडदा काढा आणि काच सरकवून ठेवा. मोगरा उघड्या काचेच्या बाजूला.

कुंडीवाली | १५ फेब्रुवारी

काका, दादा, तुम्हा दोघांचे आभार कसे मानू. सासूबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आमचं अंगण उघडं होतं ना."

आता ठरवते आहे. कुंडी कठड्याच्या बाहेर लोखंडी स्टँडमध्ये लावावी का? तिथे स्लॅबची सावली कमी पडेल.

भूमितीवाले | १५ फेब्रुवारी

चौथ्या मजल्यावरून कुंडी खाली गेली तर माणूस जाईल. बाहेर लटकवू नका, कितीही पक्कं वाटलं तरी. शिवाय वरचा स्लॅब कठड्यापर्यंत आहे, म्हणजे बाहेर फूटभर सरकूनही मे महिन्यात भर दुपारीच थोडं ऊन मिळेल, कारण सूर्य उत्तरेकडे झुकलेला असेल आणि मागे तुमचीच इमारत आहे. गच्ची आहे का?

कुंडीवाली | १५ फेब्रुवारी

सोसायटीची आहे, सहाव्या मजल्यावर. सेक्रेटरींना विचारते.

कुंडीवाली | २० फेब्रुवारी

परवानगी मिळाली! दोन अटी: पाण्याच्या टाकीच्या बाजूला ठेवायची आणि खाली ताटली हवी, म्हणजे ओल धरणार नाही. दादांनी सांगितल्याप्रमाणे १६ तारखेला छाटणी केली, सगळ्या लांब फांद्या निम्म्यावर. कापताना हात थरथरत होता. पाण्याच्या दोन पाळ्याही चुकवल्या. आता थेट गच्चीवर नेऊ का? झाड भाजेल अशी भीती वाटते.

जर्सीकर | २० फेब्रुवारी

ताई, तुमच्या झाडाला सध्या बाल्कनीत थेट ऊन मिळतंच आहे, त्यामुळे धोका कमी. तरी तीन-चार दिवस टाकीच्या सावलीत दुपार काढू द्या आणि मग मोकळ्यावर.

भीती कशाची असते ते सांगतो. पाच वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे पहिला खरा उन्हाळी दिवस उजाडला. बायकोने आणि मी हौसेने मोगरा खिडकीतून उचलला आणि डेकवर भर उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी वरच्या पानांवर पांढुरके डाग दिसले, आठवड्यात ते डाग कागदासारखे तपकिरी झाले. आम्ही पाणी वाढवलं, तेही चुकलं. सात महिने काचेआड वाढलेलं पान पातळ असतं, त्याला थेट उन्हाची सवय नसते, आणि काच ज्या अतिनील किरणांना अडवते ते बाहेर एकदम अंगावर येतात. भाजलेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. नवीन फुटलेली पानं मात्र त्याच उन्हात अगदी ठणठणीत निघाली.

आता आम्ही पंधरा दिवस घेतो. पहिले तीन दिवस झाडाखालच्या सावलीत, मग सकाळचं एक तास ऊन, मग दोन, असं वाढवत. रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांच्या वर टिकायला लागल्याशिवाय बाहेर नाही.

वऱ्हाडी_ऊन | २१ फेब्रुवारी

नागपूरहून लिहितेय. कुंडीवाली ताई, गच्चीवर नेताय तर एक गोष्ट आत्ताच सांगते, एप्रिलमध्ये उशीर होईल. मोगऱ्याला ऊन सोसतं, तापलेली कुंडी सोसत नाही. लोक या दोन गोष्टी एकच समजतात.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या उन्हात जमिनीतला मोगरा मजेत फुलतो, कारण त्याची मुळं थंड मातीत असतात. तोच मोगरा काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, सिमेंटच्या गच्चीवर ठेवला की पानांच्या कडा वाळतात आणि आपण म्हणतो ऊन जास्त झालं. कुंडीच्या कडेला हात लावून बघा. हात टेकवत नसेल तर मुळं भाजताहेत. तेव्हा झाड सावलीत न्यायचं नाही, कुंडी सावलीत ठेवायची. मी काय करते: कुंडीखाली दोन विटा, म्हणजे खालून हवा खेळते. बाहेरून चुन्याचे दोन हात. मोठ्या रिकाम्या कुंडीत ही कुंडी ठेवून मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या. वरून वाळक्या पानांचा तीन बोटं थर. पाणी सकाळी सातच्या आत, भर दुपारी कधीच नाही. हिरवी नेट मी फक्त नुकत्या लावलेल्या रोपांवर बांधते आणि तीही दुपारी बारा ते चार. मोठ्या मोगऱ्यावर कायम नेट बांधली तर ताईंच्या बाल्कनीचीच गत होईल.

कुंडीवाली | ६ मार्च

काका, आज दुपारी साडेबाराला बाल्कनीत मुद्दाम उभी राहिले. कुंडी २४ तारखेलाच गच्चीवर गेली, पण तिच्या जागी दोन फूट उंचीचा स्टीलचा डबा ठेवला होता. ऊन डब्याच्या बुडापाशी होतं, झाकणावर नव्हतं. स्लॅबच्या सावलीची रेघ डब्यावर आडवी पडली होती, सुरीने कापल्यासारखी. मी सासूबाईंना हाक मारून दाखवली. दोन वर्षं याच जागी रोज पाणी घालत होते आणि ही रेघ एकदाही दिसली नव्हती मला.

छाटलेल्या फांद्यांवर लालसर कोंब आलेत. चार फांद्या दुसऱ्या कुंडीत खोचल्या आहेत, बघू धरतात का.

गोरेगाव_पश्चिम | १८ मार्च

आमच्याकडेही पडदा गेला, काच उघडी असते. दोन प्रश्न. खिडकीसमोर नवीन टॉवरचं काम चालू आहे, वर्षभरात साडेचारनंतरचं ऊन जाईल. दोन ते साडेचार एवढं ऊन पुरेल का? आणि नाही पुरलं तर झाडांसाठीचा खास दिवा (ग्रो लाइट) लावून मोगरा फुलेल का? जर्सीकर, तुम्ही वापरलाय का?

मोगरा_विक्रमगड | १८ मार्च

अडीच तासांवर झाड जगेल, चार-दोन फुलं देईल. भरभरून हवं असेल तर पाच-सहा तास लागतात.

जर्सीकर | १९ मार्च

दिव्याबद्दल मनापासून सांगतो, कारण यात माझे बरेच पैसे आणि दोन हिवाळे गेले.

झाड दिवसभराच्या उजेडाची गोळाबेरीज करतं. सहा तास ऊन, सरासरी ७० हजार लक्स धरा: झाले सव्वाचार लाखांच्या आसपास लक्स-तास. माझा पांढऱ्या एलईडीचा ग्रो लाइट पानापासून २५ सेंटीमीटरवर १५ हजार देतो. चौदा तास चालवला: दोन लाख दहा हजार. म्हणजे निम्मं. हाच दिवा पानापासून ५० सेंटीमीटरवर नेला तर आकडा चौथाईच्या जवळ येतो आणि सगळा खेळ संपतो. बहुतेक जण इथेच चुकतात. दिवा छताला टांगतात, खोली लख्ख दिसते, झाड मात्र उपाशी. मीही पहिल्या हिवाळ्यात तेच केलं. जानेवारीत सगळी पानं गळाली.

दुसऱ्या हिवाळ्यात जांभळा दिवा आणला. त्याची गरज नव्हती. पांढऱ्या एलईडीत झाडाला लागणारे रंग असतात, आणि जांभळ्या उजेडात पानावरची कोळी कीड दिसत नाही. आमच्या घरात हीटरमुळे हवा कोरडी, पानांखाली बारीक जाळं कधी पसरलं कळलंच नाही. आता दर रविवारी न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा मारतो.

रात्री दिवा बंद, टायमर लावून. झाडालाही अंधार लागतो.

या सगळ्यातून हिवाळ्यात आम्हाला मिळतं काय? हिरवं, धडधाकट झाड आणि क्वचित एखादं फूल. इथे डिसेंबरात दिवस सव्वानऊ तासांचा आणि दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर. म्हणून गेल्या दोन वर्षांपासून मी हट्ट सोडला. मोगरा थंड खोलीत ठेवतो, १३-१४ अंशांत, दक्षिणेच्या खिडकीला लावून, पाणी अगदी बेताचं. उजेड कमी असताना घर गरम ठेवलं तर झाड तहानलेल्यासारखं लांब फांद्या काढतं. थंडीत ते स्वस्थ बसतं. आणि मग जूनमध्ये डेकवर! इथला जूनचा दिवस १५ तासांचा असतो, पुण्याचा सव्वातेरा. तेव्हा इथला मोगरा पुण्याच्या तोडीस तोड फुलतो.

गोरेगावकर, तुमच्याकडे थंडीचा प्रश्नच नाही. तुमच्यासाठी अडीच तास ऊन आणि त्यावर सकाळी सहा-सात तास जवळून दिवा हे जमण्यासारखं आहे. पण सोसायटीची गच्ची मिळाली तर दिव्याचा विचारही करू नका.

कुंडीवाली | २९ मार्च

कळी! एक, दोन नव्हे, सात. तांदळाच्या दाण्याएवढ्या. नव्या फुटीची पेरं मोजली: दोन बोटं.

मोगरा_विक्रमगड | २९ मार्च

आता पाणी चुकवू नका. कळी धरल्यावर झाड सुकलं तर कळी गळते. आणि कळी जांभळट पडून गळायला लागली तर ते उन्हाचं नाही, किडीचं. तशा कळ्या तोडून लांब टाकायच्या, कुंडीत नाही.

कुंडीवाली | १४ एप्रिल

पहिलं फूल ९ तारखेला उमललं. आज सकाळी साडेसहाला गच्चीवर गेले आणि टपोऱ्या, पांढऱ्या झालेल्या एकोणीस कळ्या तोडल्या. दादांनी सांगितलं होतं की शेतात उमलायच्या आधी, पहाटेच तोडतात, म्हणून तसंच केलं. ओल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवल्या. संध्याकाळी सातच्या सुमारास त्या वाटीतच उमलायला लागल्या. सासूबाई वाटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काही बोलल्या नाहीत. मग अर्ध्या फुलांचा गजरा केला आणि माझ्या केसांत माळला, अर्धी देवापुढे ठेवली.

गेल्या आठवड्यात दुपारी पानं मलूल व्हायची आणि कडा वाळल्या होत्या. वऱ्हाडी ताईंचं आठवलं, कुंडीला हात लावला तर चटका बसला. विटा, चुना आणि पालापाचोळा, तिन्ही केलं. दोन दिवसांत फरक.

वऱ्हाडी_ऊन | १४ एप्रिल

वाचून डोळे भरून आले ताई. पहिला बहर संपला की वाळलेल्या फुलांखालचं एक पेर खुडा, दुसरा बहर येतो. पाऊस लागेपर्यंत दोन बहर नक्की घ्याल.

जर्सीकर | १८ मे

आमचा मोगरा आज पहिल्यांदा बाहेर गेला, मेपलच्या सावलीत. पंधरा दिवसांची वही चालू.

कुंडीवाली | २३ मे

दुसरा बहर चालू आहे, काल एकतीस कळ्या निघाल्या.

एक नवीन गोष्ट सांगायची आहे. खोचलेल्या चार फांद्यांपैकी दोन धरल्या, त्यांची वेगळी कुंडी केलीय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना गच्चीचा जिना चढवत नाही, म्हणून हे झाड घरातच हवं. ते ठेवायचं कुठे याचा विचार करत आज सकाळी साडेसातला स्वयंपाकघरात चहा करत होते, आणि उत्तरेच्या ड्राय बाल्कनीत कठड्यावर ऊन! तिरपं, पिवळं, वॉशिंग मशीनच्या कडेपर्यंत आलेलं. या घरात नऊ वर्षं झाली, तिथे ऊन येतं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी पाचला पुन्हा पाहिलं, दुसऱ्या कोपऱ्यातून पुन्हा आलं होतं. काका, हे किती दिवस राहील?

भूमितीवाले | २३ मे

सूर्य सध्या पूर्वेच्याही उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, म्हणून ते ऊन. २१ जूनपर्यंत वाढत जाईल आणि मग तितकंच हळूहळू कमी होईल. ढग नसले तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत सकाळ-संध्याकाळ मिळून कामाचं ऊन मिळेल. छोटी कुंडी कठड्याच्या आतल्या बाजूला, पण अगदी कडेला ठेवा, ऊन तिथेच येतं. दोन्ही कोपऱ्यांत हलवता आली तर सकाळी एका आणि संध्याकाळी दुसऱ्या. पावसाळी ढगांत फुलांची अपेक्षा ठेवू नका, पाणी आणि खत दोन्ही कमी. सप्टेंबरमध्ये ते रोप महिनाभर गच्चीवर मोठ्या झाडाशेजारी न्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिणेच्या बाल्कनीत तुमच्या त्या जुन्या जागी ऊन परत येईल, मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथेच ठेवा.

कुंडीवाली | २३ मे

म्हणजे दसऱ्याच्या सुमारास दक्षिणेला. कॅलेंडरवर लिहून ठेवलं. सप्टेंबरपर्यंत रोप उत्तरेला, आणि सासूबाईंनी सकाळी कुंडी सरकवायचं काम स्वतःकडे घेतलंय.